शहराची हवा आणि परिसराचे आरोग्य

शहराचा धूर शहराच्या हद्दीत थांबत नाही. वसई-विरारकरांना याचा दुहेरी अनुभव आहे. कारण आपण मुंबईचे शेजारीही आहोत आणि स्वतः एक महानगरही. २०११ च्या जनगणनेतच आपल्या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. वालीव-गोखिवरे पट्ट्यातील कारखाने, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अवजड वाहतूक, अखंड चालणारी बांधकामे आणि गोखिवऱ्याच्या कचराभूमीस वेळोवेळी लागणाऱ्या आगी ही धुराची व धुळीची घरचीच उगमस्थाने होत.

समुद्राचा वारा किनाऱ्यावरील शहराची हवा स्वच्छ ठेवतो, हा समज अर्धाच खरा आहे. दुपारचा खारा वारा शहरातील दूषित हवा पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगराकडील गावपाड्यांवर ढकलतो. रात्री जमीन निवाली की वारा उलटतो आणि तीतील काही भाग परत आणतो. हिवाळ्यात जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार थराचे जणू झाकण बसते. म्हणूनच आल्हाददायक भासणारी पहाट त्या दिवसांत पुष्कळदा अधिक दूषित असते. वाहनांच्या धुरातील वायूंपासून उन्हात ओझोन तयार होण्यास काही वेळ लागतो. तोवर वारा पुढे गेलेला असतो. ज्यांच्या दारी मोटार नाही अशा खेडुतांच्या फुप्फुसांना व पिकांना त्याची झळ पोहोचते ती अशी.

२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाइतके सूक्ष्म असतात. ते फुप्फुसांत खोलवर जातात; त्यामुळे दम्याबरोबरच हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही वाढतो. आपल्या देशात त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ सुचविली.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. वैद्यकशास्त्रावर त्याचा अधिकार नाही. परंतु हिशेब कळतो. राडारोड्याची गाडी न झाकता नेल्याने वाचलेले पैसे ठेकेदाराच्या वहीत नफा म्हणून जमा होतात. खर्च मात्र दमेकऱ्याच्या औषधांत, त्याच्या बुडालेल्या रोजात आणि धर्मादाय रुग्णालयाच्या सवलतीच्या खात्यात नावे पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन अशा गाड्या झाकण्यावर भर दिला, तो यासाठीच महत्त्वाचा.

तूर्त दमा व हृदयविकार असलेल्यांनी हिवाळ्यातील फेरफटका ऊन चांगले वर आल्यावर घ्यावा, अंगणात पालापाचोळा जाळू नये, आणि बरे वाटू लागले म्हणून इनहेलर डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.