थ्री-नॉट-थ्रीचा दस्ता आणि काचकागद

जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता 'नवा करून' देणं कुठल्याही हात बसलेल्या सुताराला जमतं, आणि धोका नेमका त्यातच आहे. काचकागदाने वरचा काळपट थर उतरवायचा, खालचा अक्रोडाचा तांबूस रंग उघडा पडला की पॉलिशचे दोन-तीन हात मारायचे; जुनाट वस्तू लगेच शोकेसमध्ये ठेवण्याजोगी होते. माझं म्हणणं असं की हे काम जितकं सफाईदार, तितकं नुकसान मोठं. दस्ता पुसावा, फुटला असेल तर सांधावा, तेल द्यावं. पण त्याचा पृष्ठभाग कापू नये. रायफलीचं आयुष्य लाकडाच्या त्या वरच्या पातळ थरातच नोंदलेलं असतं.

उदाहरणासाठी आपल्याकडे जिला सगळे थ्री-नॉट-थ्री म्हणून ओळखतात ती ली-एनफील्ड घेऊ. तिची शॉर्ट मॅगझिन मार्क ३ ही आवृत्ती ब्रिटिश सैन्याने १९०७ मध्ये स्वीकारली. ती इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या लिथगोला आणि कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत बनली. दोन महायुद्धांत ती भारतीय जवानांच्या खांद्यावर होती, पुढे पोलिसांकडे गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. इतकं लांब आयुष्य झालेल्या हत्याराचं लोखंड पुनःपुन्हा बदललं जातं: नळी झिजते, बोल्ट बदलतो. लाकडावर मात्र खुणा साचत जातात.

या खुणा जवळून पाहाव्यात. तिचा दस्ता एकसंध नसतो. खांद्याला टेकणारा मागचा भाग वेगळा, नळीखालचा लांब भाग वेगळा आणि वरून हात भाजू नये म्हणून बसवलेली लाकडी आवरणं वेगळी. मागचा भाग सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे आखूड-लांब मापांत येई आणि आखूड असेल तर त्यावर 'एस', लांब असेल तर 'एल' असं अक्षर ठोकलेलं असे. त्याच्या उजव्या बाजूला, पहिल्या महायुद्धात खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी ही पद्धत बंद होईपर्यंत, एक पितळी चकती लाकडात बसवलेली असे. पलटणीचं संक्षिप्त नाव आणि रायफलीचा क्रमांक तिच्यावर कोरत. शिवाय कारखान्याचा गोल शिक्का आणि तपासनिसांचे बारीक ठसे असत. हे सगळं लाकडात दाबून उमटवलेलं, जेमतेम खोल. काचकागदाचे चार हात त्यांना पुरेसे होतात. चकती तर घासणाऱ्याची चुगलीच करते: लाकूड खाली गेलं की पितळेची कड वर येते. मूळ दस्त्यात लाकूड लोखंडाच्या किंचित वर असतं. घासलेल्या दस्त्यात ते लोखंडाच्या खाली बसतं आणि धारदार कडा गोल होतात. हे एकदा ओळखता आलं की घासलेली रायफल हातभर अंतरावरून कळते.

भारतातल्या रायफलींवर दुरुस्त्यांची नोंद आणखी दाट आहे. पुढच्या लाकडाला चीर जाऊ नये म्हणून ईशापूरमध्ये त्यात आडवा स्क्रू घालत. जगभरचे संग्राहक त्याला 'ईशापूर स्क्रू' म्हणतात. बॉम्बफेकीसाठी वापरायच्या रायफलींच्या पुढच्या लाकडावर तार घट्ट गुंडाळून डाग दिलेला असतो. तुटलेल्या कोपऱ्यात नेमक्या मापाचा तुकडा बसवलेला, पितळेच्या खिळीने पक्का केलेला दिसतो. ही सैन्याच्या आर्मररची कारागिरी आहे. नव्या पॉलिशखाली ती एकसारखी करून टाकणं म्हणजे त्या कारागिरांचं काम पुसणं, आणि त्यांची नावं तर आधीच कुठे लिहिलेली नाहीत.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. सैन्य स्वतःच दस्ते घासत होतं, तेल चोळत होतं, कारखान्यात पूर्ण दुरुस्तीसाठी पाठवत होतं. मग आज तेच केलं तर काय बिघडलं? फरक नोंदीचा आहे. ब्रिटिश कारखान्यांत पूर्ण दुरुस्ती झालेल्या रायफलीवर 'एफटीआर' हा शिक्का आणि साल ठोकत. ती दुरुस्तीही मग रायफलीच्या सेवेचा भाग ठरते. घरच्या किंवा कंत्राटी पॉलिशला ना साल असतं, ना नाव. पन्नास वर्षांनी अभ्यासकाला ते कारखान्याचं वाटू शकतं, आणि इथे वस्तू खोटं बोलायला लागते.

दुसरा आक्षेप असा की काळा थर म्हणजे मळच, आणि मळाने लाकूड कुजतं. यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. सैन्यात लाकडाला जवसाचं कच्चं तेल देत. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडात मुरून बसतं. यंत्राचं खनिज तेल मात्र कधीच सुकत नाही. गोळी सुटताना रायफल मागे येते, तो धक्का पुढच्या लाकडाचा मागचा भाग लोखंडाला टेकून झेलतो. तिथे वर्षानुवर्षं खनिज तेल झिरपलं की लाकूड मऊ पडतं, धक्का सारखा वाटला जात नाही आणि चीर जाते. हे तेल काढायलाच हवं. पण त्याला घासावं लागत नाही. खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्यायचा, सुकला की झटकायचा, डाग फिका होईपर्यंत पुन्हा द्यायचा. वेळ लागतो, पण लाकूड शाबूत राहतं. खड्डा पडला असेल तर ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवावी. दाबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. शिक्क्यांच्या आसपास मात्र वाफही नको, कारण शिक्काही दाबलेल्या तंतूंचाच बनलेला असतो.

पूर्वी कुणी मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारून ठेवलं असेल, तर ते उतरवण्याच्या मी बाजूचा आहे. तो थर रायफलीच्या सेवेतला नाही. पण तो रिमूव्हरने उतरवावा आणि आधी खात्री करावी. रशियन मोसिन-नागांत रायफलींवर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सरकारी दुरुस्तीत लाखेचं चकचकीत पॉलिश दिलेलं असतं. बटबटीत दिसलं तरी ते त्या रायफलीचंच आहे. लाख स्पिरिटने विरघळते, पीयू विरघळत नाही; न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाचा बोळा टेकवला की उत्तर मिळतं.

'माझी वस्तू आहे, मी काहीही करीन' असंही म्हटलं जातं. परदेशी संग्राहकाला ते म्हणता येईल, आणि त्याची किंमत तो बाजारात मोजेल: अमेरिकेत एम-वन गॅरंडच्या दस्त्यावरचा तपासणीचा शिक्का स्पष्ट असेल तर भाव वेगळा, पुसट असेल तर वेगळा. इथे मात्र थ्री-नॉट-थ्री ही सैनिकी बोअर आहे, सामान्य नागरिकाला सहज परवाना मिळत नाही. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक जुन्या दस्त्यांचं भवितव्य रेजिमेंटची संग्रहालयं, पोलिसांची शस्त्रागारं आणि सरकारी वस्तुसंग्रहालयं ठरवतात. म्हणजे ती वस्तू आपल्या सगळ्यांची आहे.

तेल द्यायचंच असेल तर क्रिकेटच्या बॅटला देतात तेच जवसाचं तेल चालतं. चमचाभर घेऊन तळहाताने चोळावं, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून टाकावं. जाड थर चिकट राहतो आणि धूळ ओढतो. पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. सुकताना तेल तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते उघड्यावर पसरून सुकवावं.

संग्रहालयांच्या आणि शस्त्रागारांच्या प्रमुखांना एकच विनंती आहे. इमारतीच्या रंगकामाचं कंत्राट निघतं तेव्हा शोकेसमधल्या रायफली त्याच माणसाकडे पॉलिशला देऊ नका. आधी चकती, शिक्के आणि जुन्या दुरुस्त्यांचे फोटो काढा, नोंदवहीत लिहा, आणि त्यानंतर जे काही कराल तेही तारखेसह त्याच पानावर लिहा.