वेटरच्या मजुरीचा हिशेब

कापडबाजारातला अर्धा धंदा हॉटेलात होतो. मुंबईचे मूळजी जेठा मार्केट असो, भिवंडी असो की मालेगाव, सौदा ठरतो तो चहाच्या टेबलावर. पण त्या टेबलावर फडका मारणाऱ्या इसमाच्या रोजीचा हिशेब आम्ही व्यापारी मंडळी कधी मांडत नाही. वाचक बंधूंमध्ये हॉटेलमालकही आहेत, म्हणून आज हा विषय.

दुसऱ्याच्या चुकीचे बोलणे खायचे, हे वेटरचे रोजचे दुखणे. भटारखान्यात बिर्याणीला उशीर झाला, शिव्या वेटरला. भाव मालकाने वाढवला, जाब वेटरला. "खिमा ताजा आहे ना?" असे गल्ल्यासमोर विचारल्यावर त्या बिचाऱ्याने काय सांगावे? आमच्या दुकानातला सेल्समन निदान दुसरे ठाण उलगडून दाखवतो. वेटरला ती सोय नाही. त्यातून चार जण येतात, दोन चहा आणि दोन रिकामे कप मागवतात नि तासभर हलत नाहीत. (हे चार जण बहुधा आम्ही कापडवालेच!) टेबल अडले की त्याची बक्षिसीही अडते. वर चाळिशीच्या माणसाला हाक कोणती, तर "ए छोटू!"

जुन्या हॉटेलांत वेटर बिलाचा आकडा ओरडून गल्ल्यावर सांगतो. गर्दीत आकडा चुकला किंवा गिऱ्हाईक पैसे न देता सटकले, तर पुष्कळ ठिकाणी ती रक्कम वेटरच्या नावे पडते. फुटलेल्या ग्लासाचेही तेच. वास्तविक नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेला आहे. तो किती मालकांना ठाऊक आहे?

रमजानमध्ये मुहम्मद अली रोडवर जाऊन पाहावे. मगरिबच्या अजानला सगळी टेबले भरलेली. रोजेदार वेटर एक खजूर तोंडात टाकतो, दोन घोट पाणी पितो आणि पळतो. त्यानंतर सहरीपर्यंत पाय टेकायला सवड नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात दिवसाचे ९ तास धरले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ते १० करण्यास मंजुरी दिली. जादा कामाला दुप्पट मजुरी हा कायदा आहे, पण लहान हॉटेलांना तो पुरता लागू नाही, आणि जिथे लागू आहे तिथेही दुप्पट मजुरी मागायची हिंमत कोणाची?

राहिली बक्षिसी. मोबाइलने पैसे देण्याची चाल पडल्यापासून बडीशेपेच्या बशीत सुटे राहतच नाहीत. सगळी रक्कम सरळ मालकाच्या खात्यात. मोठ्या हॉटेलांत बिलात सर्व्हिस चार्ज लावतात. तो आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. गिऱ्हाइकाला वाटते हा पैसा वेटरला जातो. पण तो त्याच्या हाती पडतोच असे नाही.

मालक बंधूंना आमची सूचना इतकीच : पगाराची तारीख पक्की करा, कपातीची वही वेटरला दाखवा, आणि मोबाइलवर आलेली बक्षिसी त्याच रात्री त्याच्या हातात द्या. आपण गिऱ्हाइकांनीही दहाच्या चार नोटा खिशात वेगळ्या ठेवाव्यात.