धोकादायक माल आणि चालकाची अनुज्ञप्ती

२० डिसेंबर २०२४ रोजी पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांक्रोटा येथे एलपीजी वायूचा टँकर व मालमोटार यांची टक्कर झाली. गळती झालेल्या वायूने पेट घेतला आणि आसपासची कित्येक वाहने आगीत सापडली. अनेकांचे प्राण गेले. असा माल वाहून नेणे किती जोखमीचे असते, हे यावरून ध्यानात यावे. म्हणूनच या कामावरील चालकाकडून कायद्याने नेहमीच्या अनुज्ञप्तीहून, म्हणजे बोलीभाषेतील लायसनहून, काही अधिक अपेक्षिले आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार अनुज्ञप्तीवर नमूद असलेल्या वर्गाचेच वाहन चालविता येते. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असणारा चालक ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीवाचून चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. मात्र धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांसाठीच्या विशेष अटी त्या निर्णयानेही कायम ठेवल्या आहेत.

या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. चालकाने तीन दिवसांचे विहित प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यानंतर अनुज्ञप्तीवर तशी नोंद, म्हणजेच पृष्ठांकन, करून दिले जाते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणेही आवश्यक आहे. ही अट अनाठायी नाही. टँकरवरील फलकावर मालाचे नाव, धोक्याचा प्रकार आणि आणीबाणीचे दूरध्वनी क्रमांक असतात. मालाविषयीच्या लेखी सूचना चालकाच्या कक्षात ठेवाव्या लागतात. गळती होताच पहिली काही मिनिटे मदतीला दुसरे कोणी नसते. त्या वेळी या सूचना वाचून गावकऱ्यांना दूर करणारा व अग्निशमन दलास नेमकी माहिती देणारा माणूस चालकच असतो.

येथे एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. परिवहन वाहनाची अनुज्ञप्ती पाच वर्षे चालते. धोकादायक मालाची नोंद मात्र तीनच वर्षे वैध असते. एकाच पत्रावर दोन निरनिराळ्या तारखा असल्याने मोठी मुदत पाहून चालक निर्धास्त राहतो. नोंद संपलेली असताना अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेऊ शकते आणि भरपाईचा बोजा वाहनमालकावर येऊ शकतो.

तेव्हा मालकांनी चालकाच्या हाती टँकर सोपविण्यापूर्वी दोन्ही तारखा अवश्य पाहाव्यात आणि चालकांनी मुदत संपण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात नूतनीकरणासाठी अर्ज करावा. रस्त्याकडेच्या वस्त्यांची सुरक्षितता या दक्षतेवर अवलंबून आहे.