आज्ञावलीची जुळणी आणि पारख

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगेलगतच्या मुलुखात बेला हे गाव आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. काळ्या जमिनीत कापूस पिकतो, अनेक घरांतून मराठी बोलली जाते आणि सरकारी कारभार मात्र तेलुगूत चालतो. कापसाची गाडी खरेदी केंद्रावर पोहोचली की तिची पहिली गाठ पडते ती ओलावा मोजणाऱ्या यंत्राशी. कापूस महामंडळाच्या नियमाप्रमाणे ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पुरा हमीभाव, त्यापुढे भावात कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. माल पुढे जाण्यापूर्वी त्याची पारख झाली पाहिजे, हे तेथील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.

अशाच गावांतून शिकून हैदराबाद, नागपूर, पुणे येथे संगणकासमोर बसणारी मुले सुटीत घरी येतात, तेव्हा "तू तेथे नेमके करतोस तरी काय?" या वडिलांच्या प्रश्नास त्यांना धड उत्तर देता येत नाही. वास्तविक त्यांच्या दिवसाचा बराच भाग दोनच कामांत जातो. सामानाची यादी सांभाळणे हे एक, आणि तयार मालाची पारख करणे हे दुसरे.

प्रारंभी यादीचा प्रश्न. संगणकास द्यावयाच्या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा भाषेत अनेक फायलींतून लिहिल्या जातात. त्यांचे यंत्राला कळेल असे रूपांतर करून सर्व तुकडे जुळवावे लागतात. एक तुकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे तुकडे पुन्हा घडवावे लागतात. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन नावाचे गृहस्थ तणतणत आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. चूक दुरुस्त केलेली होती, पण तो तुकडा नव्याने घडविण्याचे राहून गेले होते. आणि बिनचूक आज्ञावलीत चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. फेल्डमन यांनी यावर 'मेक' हे साधन तयार केले. कोणती वस्तू कशापासून बनते हे एका कागदावर लिहावे. साधन दोहोंच्या वेळा ताडून पाहते, आणि कच्चा माल पक्क्या मालाहून नवा दिसला तर तेवढीच वस्तू पुन्हा बनविते. कल्पना इतकी साधी की ती आधी कोणाला सुचली कशी नाही, याचेच नवल वाटावे! मेक आजही वापरात आहे.

पुढे अडचण वाढली. आता कोणीही सारी आज्ञावली स्वतः लिहीत नाही; दुसऱ्यांनी लिहून मोकळे ठेवलेले घटक आणून जोडतात. लग्नघरचा आचारी जशी वाण्याकडे यादी धाडतो, तशी यादी 'मेव्हन' या साधनाला द्यावी लागते. घटकाचे नाव, तो कोणाचा, आणि त्याची आवृत्ती कोणती, हे तीत असते. आवृत्ती सांगणे फार महत्त्वाचे. नुसते 'डाळ' लिहिले तर पुरणासाठी तुरीची डाळ येऊन पडावयाची. मेव्हन त्या वस्तू मध्यवर्ती कोठारातून आणते. शिवाय प्रत्येक वस्तूला लागणाऱ्या वस्तू, आणि त्यांनाही लागणाऱ्या वस्तू, न सांगता घेऊन येते. दहा ओळींच्या यादीमागे शंभर घटक घरात शिरतात ते असे.

खरा धोका येथेच आहे. २०२१ च्या डिसेंबरात 'लॉगफोरजे' या नोंदी ठेवणाऱ्या घटकात मोठे भगदाड असल्याचे उघड झाले. दूर बसलेल्या परक्याला त्यातून संगणकाचा ताबा घेता येत होता. जगभरची कार्यालये स्वतःलाच विचारू लागली की हा घटक आपल्याकडे आहे काय? अनेकांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. तो दुसऱ्या घटकाच्या पाठीवर बसून आला होता. ज्यांनी मेव्हनकडून सगळी वंशावळ छापून घेतली, त्यांना उत्तर लवकर सापडले.

उलट प्रकारही घडतो. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा घटक त्याच्या कर्त्याने, एका नावावरून झालेल्या वादात रागावून, 'एनपीएम' या कोठारातून काढून घेतला. आणि हजारो ठिकाणची जुळणी एकाएकी थांबली. काही तासांतच तो परत ठेवावा लागला. मेव्हनच्या मध्यवर्ती कोठारात एकदा ठेवलेली आवृत्ती सहसा काढताही येत नाही, बदलताही येत नाही. हा नियम जाचक वाटला तरी शहाणपणाचा आहे.

आता पारख. आज्ञावलीच्या प्रत्येक भागासाठी लहान लहान चाचण्या लिहून ठेवतात, अमुक दिले तर तमुक आले पाहिजे अशा. मेव्हन गाठ बांधण्यापूर्वी त्या सर्व चालविते. एक जरी नापास झाली तरी काम तेथेच थांबते आणि गाठ बांधलीच जात नाही. चाचणीपुरतेच लागणारे घटक यादीत निराळे नोंदवितात, कारण ओलावा मोजण्याचे यंत्र कोणी गाठीत बांधून गिरणीला धाडीत नाही. चाचण्या वगळण्याचीही एक आज्ञा आहे, आणि घाईच्या दिवसांत ती फार वापरली जाते.

चाचणी कोणत्या परिस्थितीत घेतली, हेही पाहावे लागते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथून 'एरियन ५' हे अग्निबाण प्रथमच उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत फुटले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली एरियन ४ वरून जशीच्या तशी घेतलेली होती. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक; तो आकडा ३२,७६७ च्या पुढे गेला, ठेवलेल्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला राखीव यंत्रणा होती, परंतु तिच्यातही तीच आज्ञावली होती. जुन्या मार्गावर हा घटक खरा ठरला होता. नव्या मार्गाचे आकडे देऊन त्याची चाचणी झालीच नव्हती. अशी चाचणी जमिनीवर घेणे शक्य होते आणि तीत हा दोष दिसला असता, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने त्याच वर्षी काढला. बाणाबरोबर 'क्लस्टर' या मोहिमेचे चार उपग्रहही नष्ट झाले.