चांदूर रेल्वे : एका उपपदामागील मंजुरीचा इतिहास

अमरावती जिल्ह्यात चांदूर या नावाची दोन तालुक्यांची गावे आहेत. एकास बाजाराने उपपद दिले, दुसऱ्यास लोहमार्गाने. गावाच्या नावास देवाचे, पेठेचे किंवा नदीचे उपपद जडणे आपल्याकडे नवीन नाही. परंतु बडनेरा व धामणगाव यांच्या दरम्यानच्या या गावास 'रेल्वे' हा परकी शब्द कायमचा चिकटला, ही गोष्ट स्थलनामांच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्याजोगी आहे. शिक्षकी पेशात असताना विद्यार्थी आम्हांस याचे कारण विचारीत, आणि आम्ही 'लॉर्ड डलहौसीने आगगाडी आणली' असे ठराविक उत्तर देत असू. ते उत्तर अगदी खोटे नव्हते, परंतु अपुरे खास होते. एवढे मोठे काम कोणी मागितले, कोणी अडविले आणि अखेर कोणत्या युक्तीने ते मंजूर झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(१) मूळ मागणी. वऱ्हाडचा कापूस लोहमार्गापूर्वी बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून जात असे. त्याची एक मोठी वाट अमरावतीहून गंगेकाठच्या मिर्झापुरास, सुमारे ५०० मैलांची होती. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एकाच वर्षी एक लक्ष बैलांचे ओझे कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. दुसरी वाट सह्याद्रीचे घाट उतरून मुंबईस जाई. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांस अमेरिकेवाचून दुसरीकडचा कापूस हवा होता. ही निकड हेरून जॉन चॅपमन नावाच्या गृहस्थाने १८४४ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची योजना मांडली. हा लफबरो गावचा, लेस विणण्याची यंत्रे करणारा, त्या धंद्यात बुडालेला मनुष्य. याच नावाचा एक लंडनचा प्रकाशक होऊन गेला, तो निराळा. आमचा चॅपमन १८४५ मध्ये स्वतः मुंबईस आला आणि त्याने घाटमार्गांची व त्यांवरून चालणाऱ्या मालाची माहिती जमविली. त्याच साली मुंबईत नाना शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई प्रभृतींनी रेल्वेसाठी मंडळ उभारले होते, हेही विसरता कामा नये.

(२) आक्षेप. मंजुरी देणारे दरवाजे अनेक होते : मुंबई सरकार, कलकत्त्याचे गव्हर्नर जनरल, लंडनचे कोर्ट ऑफ डायरेक्टर्स, आणि त्यांवर बोर्ड ऑफ कंट्रोल. कोर्टाने ७ मे १८४५ रोजी गव्हर्नर जनरलांस धाडलेल्या पत्रात सहा अडचणी सांगितल्या आहेत : हंगामी पाऊस व पूर, प्रखर ऊन व सोसाट्याचा वारा, लाकूड पोखरणारे कीटक, मातीच्या भरावावर व विटकामावर आपोआप माजणारे रान, कुंपणावाचूनचा उघडा मुलूख, आणि जाणत्या इंजिनिअरांचा तुटवडा व त्यांचा खर्च. या पत्रास हसण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. यांपैकी एकही अडचण काल्पनिक नव्हती. शिवाय सातवी एक अडचण होतीच. सरकारने व्याजाची हमी दिल्याखेरीज लंडनचा सावकार पैसा बाहेर काढीना, आणि हमी म्हटली की कंपनी सरकार बिचके.

(३) तोड. येथे आम्हांस सूचीकटाहन्यायाची आठवण होते. लोहाराकडे एकाने कढई व दुसऱ्याने सुई मागितली, तर तो अगोदर सुई करून देतो. चॅपमनची मूळ मागणी कढईची, म्हणजे थेट वऱ्हाडपर्यंतच्या मार्गाची होती. मंजूर झाली ती सुई. १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने कंपनी स्थापन झाली, १७ ऑगस्टला करार झाला, आणि ५ लक्ष पौंड भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी मिळाली. मार्ग फक्त मुंबई ते कल्याण, तोही प्रयोगादाखल.

परंतु ही सुई कोठे टोचली, ते पाहण्यासारखे आहे. सह्याद्री कोठून चढावा, हाच सर्वांत अवघड प्रश्न होता. चॅपमन व त्याच्या आधी १८४३ पासून या भागात पाहणी करणारा इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांच्या आराखड्यात माळशेज घाट होता. पुढे चीफ इंजिनिअर जेम्स बर्कले याने १८५० नंतर कसून मोजणी केली व माळशेज सोडून थळ आणि बोर हे दोन घाट पसंत केले. माळशेज असो, थळ असो की बोर असो, तिहींची वाट कल्याणवरूनच फुटते. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नव्हते, त्याला हात न लावता काम सुरू करता येईल असाच तुकडा मंजूर झाला होता. पुढचा आराखडा बदलला तरी मागचा पैसा वाया गेला नाही. आमच्या मते या मंजुरीचे मर्म येथे आहे.

(४) इ. स. १८५३. या सालच्या तीन तिथी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. १६ एप्रिल, मुंबई ते ठाणे पहिली गाडी. २० एप्रिल, मुख्य मार्गांविषयी डलहौसीचे सुप्रसिद्ध टिपण. २१ मे, वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करणारा निजामाशी तह. तहाचे उघड कारण हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी हे होते. केवळ तारखा जवळ म्हणून कार्यकारणभाव जोडणे संशोधकास शोभत नाही. तथापि लोहमार्गाचा एक मोठा राजकीय अडसर त्यामुळे दूर झाला, एवढे निर्विवाद आहे. डिसेंबरात नागपूरकर रघूजी भोसले वारले व पुढील वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. डलहौसी पूर्वी विलायतेत बोर्ड ऑफ ट्रेडचा अध्यक्ष असल्याने रेल्वेच्या अर्जांची छाननी त्याच्या अंगवळणी पडलेली होती. त्याचे श्रेय हे की, प्रयोगाच्या तुकड्यास त्याने धोरणाचे रूप दिले. पण तुकडा तयार होता म्हणूनच धोरण लिहिता आले.

थळ घाटात सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढ व १३ बोगदे आहेत. तो मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. तो पाहण्यास बर्कले उरला नव्हता. तो १८६२ मध्ये वारला. १८६७ मध्ये गाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली आणि आमचे चांदूर 'रेल्वे' झाले.

(५) मंजुरीची किंमत. चॅपमनला काय मिळाले? कंपनीशी बेबनाव होऊन भरपाईची रक्कम घेऊन तो बाहेर पडला आणि सप्टेंबर १८५४ मध्ये लंडनमध्ये पटकीने मरण पावला. त्याच्या नावाने वऱ्हाडात ठळक असे काही राहिले नाही. रयतेने काय दिले? जमीन कंपनीस फुकट मिळाली, आणि नफा ५ टक्क्यांखाली गेला की तूट हिंदुस्थानच्या वसुलातून भरून निघे. ज्याचा पैसा त्याला नफा निश्चित, आणि ज्याचा कर त्याच्या माथी नुकसान. रमेशचंद्र दत्तांनी या पद्धतीवर केलेली टीका आम्हांस सयुक्तिक वाटते. १९०० साली सरकारने ही कंपनी विकत घेतली. मंजुरी मिळविण्याचे कौशल्य आणि मंजुरीच्या अटींचा न्याय या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीचे कौतुक करताना दुसरीकडे डोळेझाक होऊ नये.

शेवटी संग्राहकांस एक विनंती. वर सांगितलेली हकीकत जवळजवळ सर्व लंडन व मुंबईच्या कागदांवरून जुळते. तिची दुसरी बाजू वऱ्हाडातील घराघरांत असली पाहिजे : कापसाच्या अडत्यांच्या खातेवह्या, मिर्झापूरच्या हुंड्या, लमाणांच्या तांड्यांशी झालेले भाड्याचे करार, लोहमार्गात गेलेल्या शेतांचे मोडी कागद. पोथी व बखर आपण जिवापाड जपतो. खातेवही मात्र रद्दीत जाते. मागणारे व मंजूर करणारे कोण, हे आता कळले आहे. ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांचे म्हणणे या वह्यांतच सापडण्याचा संभव आहे, आणि त्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या नाहीशा होत आहेत.