बाईचा रोज कमी, मग नफा कोणाचा?

राहात्याचा पेरू प्रसिद्ध. पण बागेतली खुरपणी, तोडणी, क्रेट भरणे यांत आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणींचे कष्ट आहेत, ते कोणी मोजत नाही.

हिशेब साधा आहे. समजा, पुरुषापेक्षा बाईला १०० रुपये रोज कमी दिला आणि टोळीत १० बायका असल्या, तर दिवसाला १००० रुपये मालकाच्या नफ्यात जमा.

बाबासाहेबांनी हे मुंबई कायदेमंडळात १९२८ सालीच मांडले होते : मालक स्त्रीला कामावर घेतो, कारण तिच्याकडून त्याला जास्त फायदा मिळतो, म्हणून प्रसूतीच्या भत्त्याचा काही भार त्यानेही उचलावा. १९२९ मध्ये कायदा झाला, पण कारखान्यांपुरता. बागेतली बाई बाहेरच राहिली.

पुढे १९७६ मध्ये समान कामाला समान वेतनाचा कायदा आला. समान वेतनाच्या तत्त्वाला बगल दिली जाते ती कामाच्या वाटणीतून. फवारणी-छाटणी पुरुषाची, खुरपणी-तोडणी 'हलकी' म्हणून बाईची. दिवसभर वाकून खुरपणे हलके ठरवणारा स्वतः कधी खुरपायला बसलेला नसतो.

शिवाय हजेरी मुकादमाच्या तोंडी. कार्यकर्त्यांनो, वस्तीत एक वही सुरू करा : तारीख, बाग, काम, तास, हाती आलेला रोज. मजुरीची तक्रार करायची तर आधी ही नोंद हवी.