जड ते खाली

आमच्या विंझरला आषाढ लागला की कागद जड होतो. वहीचं पान उलटताना आवाज करत नाही, पोस्टाचं पाकीट न चिकटवताच चिकटतं आणि वर्तमानपत्र हातात येतं तेच मुळी ओल्या पापडासारखं. म्हणून वेल्ह्याच्या या पट्ट्यात घरातले कामाचे कागद वर ठेवायची रीत पडली असावी. सातबारा, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. माळ्यावरही शक्यतो चुलीच्या अंगाला. धूर लागला तरी चालेल, ओल लागता कामा नये. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कोणता कागद कोणत्या घडीत आहे ते ती अंधारात सांगायची. महत्त्वाचं ते वर, हा घराचा कायदा.

सार्वजनिक वाचनालयाचा कायदा मात्र नेमका उलटा. तिथे जड ते खाली. कोणत्याही जुन्या वाचनालयात जाऊन बघा. वरच्या फळ्यांवर हलक्या कादंबऱ्या, मधे चरित्रं आणि प्रवासवर्णनं, आणि अगदी तळाच्या फळीवर कोश, जुन्या मासिकांचे कातडी पुठ्ठ्यातले बांधीव अंक, गॅझेटियरं. ते खंड उचलताना कंबर धरते, म्हणून ते खाली, आणि वरती ठेवले तर कपाट पुढे झुकतं, म्हणूनही खाली. हिशेब चोख आहे. फक्त पाणी दारातून आत येतं तेव्हा ते पहिल्यांदा तळाच्या फळीला भेटतं, आणि पुन्हा विकत न मिळणारं जे काही असतं ते नेमकं तिथेच असतं.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने हा हिशेब दोनदा चुकता केला आहे.

१८६४ सालची ही संस्था. टिळक तेव्हा रत्नागिरीत आठ वर्षांचे होते, नाव नंतरचं आहे. कोकणात ग्रंथालयं लवकर निघाली. रत्नागिरीचं १८२८चं, म्हणजे पुण्याच्या नगर वाचन मंदिराच्याही वीस वर्षं आधीचं. चिपळूणला तेव्हा आगगाडी नव्हती, घाट चढायचा तर बैलगाडी, आणि मुंबईहून माल यायचा तो दाभोळच्या खाडीतून गोवळकोटच्या बंदरापर्यंत. पुस्तकंही याच पाण्याच्या वाटेने आली असणार. या वाटेचं दुसरं टोक कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

चिपळुणातून वाशिष्ठी वाहते, गावातूनच शिवनदी येऊन तिला मिळते. वर सह्याद्रीचा कडा, खाली भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत आत येणारं. मध्ये गाव बशीसारखं बसलेलं. त्यात कोयनेच्या वीजप्रकल्पाचं पाणी. कोयना ही खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारी नदी, पण वीज काढण्यासाठी तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं आणि ते पुढे वाशिष्ठीत येतं. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं वळवायची मुभा आहे. पुराच्या दिवशी त्यातलं किती आलं, कधी सोडलं, यावरून चिपळूणकर आणि सरकार यांच्यात जो वाद आहे तो इथे सोडवण्याचा माझा वकूब नाही. गाळ मात्र वादात नाही. नदीचं पात्र उथळ होत गेलं हे काठावरचा कोणीही सांगेल. २०२१च्या डिसेंबरात गाळ काढा म्हणून लोक साखळी उपोषणाला बसले होते.

पहिला फटका २६ जुलै २००५चा. त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष मुंबईकडे होतं, आणि ते साहजिक होतं. पण चिपळूणची बाजारपेठही त्याच दिवशी बुडाली. वाचन मंदिराची हजारो पुस्तकं गेली. मग जे व्हायचं ते झालं. गावोगावच्या वाचकांनी, लेखकांनी, प्रकाशकांनी पुस्तकं पाठवली, संस्था उभी राहिली, इतकी उभी राहिली की जानेवारी २०१३मध्ये शहाऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची यजमान तीच होती. नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. साडेसात वर्षांपूर्वी चिखल उपसणाऱ्या वाचनालयाने संमेलन भरवावं, याचं मला त्यातल्या एकाही भाषणापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

२२ जुलै २०२१च्या पहाटे पाणी पुन्हा आलं, आणि २००५च्या वर गेलं.

या ‘वर गेलं’मध्ये सगळी गोम आहे. पूर ओसरला की भिंतीवर एक रेघ राहते. मातकट, आडवी, फूटपट्टीने मारल्यासारखी. माणसं ती पुसत नाहीत, रंग देतानाही तेवढी जागा नजरेने सोडतात. दुकानदार पोटमाळा बांधतो तो त्या रेघेच्या वर. फ्रिज चौथऱ्यावर चढतो तो रेघेच्या वर. पुस्तकंही रेघेच्या वर सरकतात. ही रेघ म्हणजे अनुभव, आणि अनुभवावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर? पण नदीला आपली जुनी रेघ पाठ नसते. सांगलीतही हेच झालं. तिथे पावसाळ्यात माणसं एकमेकांची तब्येत विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ हे विचारतात. १९२९मध्ये खुला झालेला हा पूल म्हणजे सांगलीकरांचं तापमापक: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ला पाणी चोपन्न फुटांच्या आसपास थांबलं होतं, म्हणून २०१९च्या ऑगस्टमध्ये लोकांनी सामान चोपन्नच्या हिशेबाने वर चढवलं. पाणी साडेसत्तावन्नला गेलं. सांगलीचं जिल्हा नगर वाचनालय, तेही दीडशे वर्षांच्या घरातलं, त्या पाण्यात सापडलं.

सरकारची रेघ वेगळी. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. या रेषा नकाशावर असतात आणि बांधकाम परवानगीच्या वेळी त्यांच्यावरून भांडणं होतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात, आणि दर्जा ठरवताना पुस्तकं किती, नियतकालिकं किती, वाचनकक्ष कसा हे पाहतात. तळाची फळी लाल रेषेच्या वर आहे का खाली, हे कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता भिजलेल्या पुस्तकाचं. पुस्तक भिजतं म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिल्यांदा ते फुगतं. फळीवर पुस्तकं गच्च लावलेली असतात, फुगायला जागा नसते, म्हणून सगळी मिळून कपाटाच्या कडा बाहेर रेटतात. लाकडी रॅक फुटतो. लोखंडी कपाटाचं दार बिजागरीतल्या गाळाने असं बसतं की पहारीशिवाय हलत नाही, आणि उघडलं तरी पुस्तक एकेक निघत नाही, ओढलं तर पाठ हातात येते आणि पोट आत राहतं. जुन्या बांधणीतली खळ सुटते. ती पिठाची, म्हणजे बुरशीचं आयतं जेवण. दोन-तीन दिवसांत कडेला करडे-हिरवे ठिपके उमटतात. दिवाळी अंकांची गुळगुळीत रंगीत पानं तर वाळताना एकमेकांना अशी धरतात की अंकाची वीट होते. तिच्यापुढे इलाज नाही.

शाईचं वागणं मोठं गमतीचं. छापलेलं अक्षर पाण्याला दाद देत नाही. वाहते ती पेनची निळी शाई आणि रबरी शिक्क्याची जांभळी. म्हणजे मजकूर राहतो आणि वाचनालयाचं नाव, दाखल क्रमांक, कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिलं ते, हे सगळं जांभळा ढग होऊन शेजारच्या पानावर जातं. पुस्तक वाचतं पण कोणाचं ते कळत नाही. जुन्या मोडी कागदांची तऱ्हा आणखी निराळी. काजळीच्या शाईचा रंग पाण्याने उडत नाही, पण तिला धरून ठेवणारा डिंक मऊ होतो, आणि त्या वेळी कोणी प्रेमाने पान पुसलं की अक्षर फडक्यावर उतरतं.

वाळवायची रीत सांगायला सोपी आहे. चिखल ओला असतानाच, पुस्तक मिटलेलं ठेवून, हलक्या पाण्यात कडा धुवायच्या. वाळल्यावर तो गिलाव्यासारखा बसतो. मग पानांत कोरे शोषक कागद घालायचे. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं करायचं. ऊन नाही, वारा. बंद कपाटात थायमॉलची धुरी दिली तर बुरशी रोखता येते, आणि थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल, आजीच्या बटव्यातलं. हे सगळं ठीक. आता हे जुलैच्या अखेरीस कोकणात करून पाहा. वीज गेलेली, हवेतच पाणी, कोरडी जमीन म्हणून नाही, आणि जे हात पुस्तकं उघडणार त्या हातांच्या घरात छातीइतका गाळ. माणसं आधी आपला ओटा धुणार, मग औषधं शोधणार, मग दाखले आणि मार्कशीट वाळवणार. वाचनालयाची पाळी येईपर्यंत ते दोन-तीन दिवस उलटलेले असतात. भिजलेल्या पुस्तकांना रद्दीवालाही हात लावत नाही. ती फावड्याने ट्रॉलीत जातात.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली तेव्हा देशोदेशीची तरुण मुलं तळघरात साखळी करून उभी राहिली आणि चिखलातले ग्रंथ हातोहात वर दिले. आज भिजलेले ग्रंथ सुधारण्याचं जे शास्त्र आहे त्यातलं पुष्कळसं तिथल्या धडपडीतून आलं. त्या शास्त्राने पुढे काढलेली एक युक्ती मला फार कोकणी वाटते: वाळवायला वेळ नसेल तर पुस्तकं गोठवा. गोठलं की बुरशी थांबते, मग सवडीने, महिन्या-दोन महिन्यांनी, एकेक काढा. आता बर्फाचे कारखाने आणि मासळीची शीतगृहं ज्या किनाऱ्यावर आहेत तिथे हे सुचायला काय हरकत आहे? पुराच्या आराखड्यात बोटी, दोर, बिस्किटं असतात, तशी एका शीतगृहाच्या मालकाशी आधीच बोलून ठेवलेली एक ओळही असावी. पुस्तकांना सुरमईचा वास लागेल. लागू दे. कोकणातल्या वाचकाने त्यासाठी पुस्तक परत केल्याचं ऐकिवात नाही.

आणि हे बोलायला आम्हा वेल्हेकरांना तोंड आहे का, असाही प्रश्न आहे. विंझरहून पाबे घाट चढून पलीकडे उतरलं की खाली पानशेत-खडकवासल्याचं खोरं. पानशेतचं आंबी नदीवरचं मातीचं धरण आमच्याच तालुक्यातलं, १९६१च्या पावसाळ्यात काम पुरतं झालेलं नसताना भरलेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलैच्या सकाळी ते फुटलं, आणि त्याच्या लोंढ्याने १८७९पासून उभं असलेलं खडकवासल्याचं धरणही गेलं. पाणी पुण्याच्या नारायण, शनिवार, कसबा पेठांत घुसलं. वाड्यांच्या तळमजल्यावर छापखाने, प्रकाशकांचे गठ्ठे आणि पंडितांच्या बैठकी असलेल्या पेठा त्या. तिथे भिंतीवर आधीची रेघच नव्हती. वर काय चढवायचं आणि किती वर, हे ठरवायला कोणाकडे मापच नव्हतं.

वाचनालय पुरातून परत येतं ते पुस्तकांमुळे नव्हे, दाखल नोंदवहीमुळे. काय होतं ते तिच्यातच कळतं. नोंदवही वाचली तर ग्रंथपाल लाल शाईने एकेका ओळीवर रेघ मारून शेऱ्यात ‘पुरात नष्ट’ लिहितो, निर्लेखनाचा ठराव होतो, आणि नवीन येणाऱ्या पुस्तकाला पुढचा क्रमांक मिळतो. बुडालेला क्रमांक पुन्हा कोणाला देत नाहीत. देणगीने कपाटं भरतात, हेही खरं, पण देणगीत येतं ते बाजारात मिळणारं. तीच कादंबरी पाच-पाच प्रती येते. तळाच्या फळीवरचे बांधीव अंक कोणाच्या घरी असतात की ते देणगीत यावेत? माझं म्हणणं इतकंच की तळमजल्यावर वर्तमानपत्रं, बाकं आणि देवघेवीची खिडकी ठेवावी, म्हाताऱ्या सभासदांचे गुडघे सांभाळावेत, आणि कादंबऱ्यांनाही खालीच राहू द्यावं. त्या पुन्हा छापल्या जातात. कंबर मोडली तरी जड ते वर न्यावं.

माझा स्वतःचा गुन्हा शाळेतला आहे. वाचायला आणलेलं पुस्तक मी माळ्यावर न ठेवता पिशवीत घालून खुंटीला टांगलं, रात्री कौल सरकलं, आणि सकाळी पिशवी ठिबकत होती. आईने ते चुलीच्या उबेला धरून, मग गोधड्यांखाली दाबून चार दिवसांत वाळवलं. आकार परत आला नाही. शाळेचा शिक्का जांभळं फूल होऊन तीन पानं आत गेला होता. गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, नोंदवहीत बोट फिरवत त्याचा क्रमांक शोधला आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहिला. पेनने नाही. कानावरची शिसपेन्सिल काढून, टोक जिभेला लावून. मग म्हणाले, “आता हे भिजलं तरी चालंल.” आणि ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला त्यांनी मला स्टुलावर चढवलं.